मधल्या रांगा आधी

बोलत असलेल्या पाहुण्याच्या हातून माईक काढून घेणं सूत्रसंचालकाला कधीच शोभत नाही. पाहुण्यानं कितीही लांबण लावली, समोरचे लोक कितीही चुळबुळ करू लागले, तरी आपण बाजूला हसऱ्या चेहऱ्यानं उभं राहायचं आणि भाषण संपलं की "अतिशय मोलाचे विचार" म्हणून मोकळं व्हायचं. गुरुसिद्धप्पा अण्णांनी हा नेम जन्मभर पाळला. मोडला तो एकदाच, भरल्या सभागृहात, खुद्द मुंबईहून आलेल्या पाहुण्यांचं भाषण ऐन रंगात असताना.

अण्णा मूळचे सोलापूरजवळच्या मंद्रूपचे. घरात कन्नड, शाळेत मराठी, आणि रानात ज्वारी. बोलण्याचा नाद लहानपणापासून होता, पण त्याचा धंदा होईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. एकदा आठवडी बाजारात जनावरांच्या लसीकरणाची दवंडी माईकवरून द्यायची होती आणि बोलणारा माणूस आलाच नाही. मंडपवाला महिपती अडचणीत सापडला. शेंगा विकायला बसलेल्या या पोराच्या हाती त्यानं माईक दिला. पोरानं आधी मराठीत सांगितलं, मग तेच कन्नडात, आणि सांगताना बैलांची अशी काही तारीफ केली, की घासाघीस करणारे शेतकरी भाव सोडून मागं वळून बघायला लागले. त्या दिवसापासून महिपतीचा मंडप जिथं, तिथं अण्णांचा आवाज.

लग्नं, भूमिपूजनं, सेवानिवृत्तीचे सत्कार, कबड्डीचे सामने, अण्णांनी काही सोडलं नाही. शहरातल्या जुळे सोलापूर या वस्तीत त्यांनी पुढं छोटंसं घर बांधलं, तेही याच आवाजावर. त्यांच्या आई शिवबाईंना मात्र हे कधी पटलं नाही. मुलगा काय करतो असं कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, "काय करतंय, बोलतंय." आणि विषय बदलायच्या.

अण्णांच्या स्वतःच्या लेखी त्यांचं खरं काम संक्रांतीच्या गड्ड्यात व्हायचं. सिद्धेश्वराच्या या यात्रेत हरवलेल्या पोरांची नावं पुकारायला ते दरवर्षी स्वयंसेवकांच्या मांडवात बसत. तिथं त्यांना एक गोष्ट कळली होती. भेदरलेल्या माणसाला शब्द कळत नाहीत, नुसता आवाज कळतो. आवाज चढला की गर्दी सैरभैर होते आणि खाली आला की जागच्या जागी थांबते. म्हणून लग्नात टिपेला जाणारे अण्णा गड्ड्यात मात्र अंगाई म्हटल्यासारखे बोलायचे.

शहराच्या दक्षिणेला सरकारी निधीतून मोठं बहुउद्देशीय सभागृह उभं राहू लागलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद अण्णांना झाला. आजवर या भागातला प्रत्येक कार्यक्रम मांडवात व्हायचा. उन्हानं माणसं वाळून जायची, वाऱ्यानं कनाती फडफडायच्या आणि माईकमध्ये वाराच घुमायचा. आता पक्कं छत येणार होतं, रंगमंच येणार होता, वर बाल्कनी येणार होती. बांधकाम चालू असताना अण्णा अधूनमधून आत जात आणि रंगमंचावर उभं राहून माईकशिवाय दोन वाक्यं बोलून बघत. शेवटच्या भिंतीवरून आवाज परत आला की त्यांना बरं वाटे.

तिथंच त्यांची वैजयंतीशी ओळख झाली. ती सरकारी खात्यात कनिष्ठ अभियंता होती, बार्शीहून बदली होऊन आलेली. ती आली तेव्हा बाल्कनीचं काँक्रीट पडून गेलं होतं. एकदा बाल्कनीखाली ती मान वर करून एकटीच उभी दिसली, तेव्हा अण्णांनी सहज विचारलं, "काय बघताय मॅडम? काय राहिलंय का?"

"एक खांब राहिलाय," ती म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. पहिल्या नकाशात बाल्कनीच्या पुढच्या तुळईला मधोमध खांब होता. खालच्या लोकांना रंगमंच दिसण्यात त्याची अडचण होते असं कुणा वरिष्ठाला वाटलं, म्हणून बाहेरगावच्या सल्लागार कंपनीनं तो नकाशातून काढला. खांब गेला, पण तुळई होती तेवढीच राहिली.

"दोन खांबांमधलं अंतर दुप्पट झालं की तुळईवरचा वाकवणारा जोर चौपट होतो, अण्णा. तो तिनं कसा पेलायचा, हे मी विचारलं. संगणकावर तपासलंय, असं उत्तर आलं. काय तपासलं ते कुणी दाखवत नाही."

"मग आता?"

"आधी भार ठेवून चाचणी घ्या म्हणाले मी. उद्घाटनाची तारीख ठरलीये, नंतर घेऊ म्हणतात. निदान त्या दिवशी बाल्कनी बंद ठेवायचं कबूल करून घेतलंय."

अण्णांना तुळईतलं फारसं कळलं नाही. पण एवढं कळलं, की ही पोरगी उगाच बोलणाऱ्यांतली नाही.

उद्घाटनाच्या दिवशी अपेक्षेच्या कितीतरी पट लोक आले. मंद्रूपकडून टमटम भरभरून आल्या, बचत गटाच्या बायका आल्या, स्वागतगीताला शाळेच्या मुली आल्या. बाहेर मैदानात महिपतीनं जेवणाच्या पंगतीचा मांडव घातला होता. खालचं सभागृह भरलं आणि लोक दारात ताटकळू लागले. स्वयंसेवकांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी बाल्कनीची कुलपं काढली आणि बघता बघता वरही खचाखच गर्दी झाली. मधल्या रांगांमध्ये गाणं म्हणून झालेल्या शाळेच्या मुली बसल्या. डाव्या कडेला, जिन्याच्या दाराशी, अण्णांची बायको श्रीदेवी बसली. तिच्या शेजारी इरकली लुगड्यातल्या शिवबाई. मुलाला मोठ्या रंगमंचावर बोलताना ऐकायला म्हातारी पहिल्यांदाच आली होती.

वैजयंती पोचली तोवर दीपप्रज्वलन उरकलं होतं. वर माणसं बसलेली तिला दिसली. ती धावत वरिष्ठांकडे गेली, तर ते पुढच्या रांगेत पाहुण्यांच्या तैनातीला. "आता कुठं उठवता, कार्यक्रम होऊन जाऊ दे," एवढंच त्यांनी हळू आवाजात सांगितलं.

पाहुण्यांचं भाषण सुरू झालं. बोलणारे चांगले होते, दर दोन वाक्यांना टाळी घेत होते. वैजयंती बाल्कनीखाली जाऊन उभी राहिली. टाळ्या पडल्या की वरून बारीक भुकटी खाली येत होती. तुळईच्या मधोमध एक चीर दिसत होती, आणि प्रत्येक टाळीगणिक ती थोडी रुंद होत होती. बाजूचं लाकडी दार वरच्या भारानं चौकटीत असं आवळलं होतं की उघडेना.

ती पुन्हा वरिष्ठांकडे गेली नाही. रंगमंचाच्या बाजूनं ती थेट अण्णांच्या मागं येऊन उभी राहिली.

"अण्णा, समोरच बघा. माझ्याकडे वळू नका," ती हलक्या आवाजात म्हणाली. "बाल्कनीची तुळई मधोमध फाटतेय. आत्ता, आपल्या डोळ्यांसमोर."

अण्णांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. "किती वेळ हाय?"

"मला सांगता येणार नाही. आणि पळापळ झाली तर तेवढाही मिळणार नाही. टाळी नको, पाय आपटायला नकोत. आधी बाल्कनीखालचे लोक पुढं आणा. मग वरच्या मधल्या रांगा उठवा, जोर सगळा तिथं आहे. कडेच्या लोकांना भिंतीचा आधार आहे, ते शेवटी."

अण्णांनी डाव्या कडेला बघितलं. जिन्याच्या दाराला अगदी चिकटून त्यांची आई आणि बायको बसल्या होत्या. उठून चार पावलं टाकली असती तर दोघी सगळ्यांच्या आधी बाहेर पडल्या असत्या. आणि त्यांनाच सगळ्यांच्या शेवटी ठेवायचं होतं. 

"तुमी वर डाव्या जिन्यापाशी जावा," ते म्हणाले. "उजवीकडं महिपतीला धाडा, त्याला म्हणावं अण्णांनी सांगितलंय. मी हितनं एकेक रांग सोडतो."

आणि मग त्यांनी पुढं होऊन पाहुण्यांच्या हातून माईक घेतला. पाहुणे वाक्याच्या मध्यावर होते. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. सभागृहात कुणीतरी हसलं.

"माफ करा साहेब," अण्णा माईकवर म्हणाले, "आपल्या भाषणाचा राहिलेला भाग आम्ही पंगतीत ऐकणार आहोत. सोलापूरचा माणूस भुकेल्या पोटी एवढे मोठे विचार पचवू शकत नाही."

लोक हसले. टाळ्यांसाठी हात उठले, तेवढ्यात अण्णांनी स्वतःचे हात जोडले. "टाळ्या नकोत मंडळी. आज पाहुण्यांचा मान हात जोडून करायचा. असेच जोडलेले राहू द्या."

शेकडो हात जोडलेले राहिले. एक आयोजक तणतणत रंगमंचावर आला. अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि माईक दूर धरून एवढंच म्हणाले, "बाल्कनी पडायला लागलीया. हसत उभं राहा." तो माणूस पांढराफटक पडला, पण हसत उभा राहिला.

"बाल्कनीखाली बसलेले आपले बंधू फार मागं राहिलेत," अण्णांचा आवाज आता खाली आला होता. "खुर्च्या तिथंच असू द्या. उठा, पुढं या, आणि रंगमंचाशेजारच्या दोन्ही दारांनी मैदानात चला. पाहुणे तुमच्या बरोबर येतायत."

पाहुणे गोंधळलेले होते, तरी माणूस समजूतदार निघाला. अण्णांच्या डोळ्यांकडे एकदा बघून ते मुकाट रंगमंचावरून उतरले आणि लोकांबरोबर चालू लागले. मोठा माणूस चालतोय म्हटल्यावर गर्दी त्याच्या मागं शिस्तीत निघाली. बाल्कनीखालचा भाग रिकामा झाला आणि त्यांच्यामागून पुढच्या रांगाही बाहेर पडल्या.

"आता वरच्यांचा मान," अण्णा म्हणाले. "आजची पहिली पंगत बाल्कनीची. मधल्या रांगा आधी. मुलींनो, तुम्ही सुरेख गायलात, म्हणून हुग्गी पहिल्यांदा तुमच्या पानात. शाळेत प्रार्थनेला जाता तशा जायचं, दोन ओळींत. पायांचा आवाज आला नाही पाहिजे. अर्ध्या उजव्या जिन्यानं, अर्ध्या डाव्या."

मुली उठल्या. हळूहळू ओळी धरल्या गेल्या. अण्णा बोलत राहिले. हुग्गीच्या खिरीत गूळ कसा पडलाय, शेंगाचटणी कुणी कुटलीये, कडक भाकऱ्यांची चळत किती उंच आहे. आवाज तोच होता, गड्ड्यातला. मध्येच ते कन्नडात वळले, "सावकाश बर्री, गडबड माडब्याडरी," आणि दक्षिणेकडच्या गावांतून आलेल्या म्हाताऱ्या माना डोलवत, घाई न करता, एकमेकींना धरून निघाल्या.

वर डाव्या कडेला काय चाललं होतं ते अण्णांना पुढं श्रीदेवीनंच सांगितलं. तिनं नवऱ्याचा तो आवाज ऐकला आणि तिला कळलं की कुठंतरी बिनसलंय. जेवणाचं आमंत्रण हा माणूस कधीच इतक्या हळू देत नाही. तिनं सासूचा हात घट्ट धरला. शेजारची एक बाई पिशवी सावरत उठली, म्हणाली, दार हितंच तर हाय, आपण निघू की.

"बसा की ओ," श्रीदेवी म्हणाली. "आमचे मालक बोलाय लागलेत न्हवं? मधल्या रांगा आधी म्हणलेत. त्यांनी उठा म्हणलं की उठू."

ती बाई बसली. तिच्या मागचे दोघं उठत होते, तेही बसले. एका बाजूची ती सगळी माणसं, दाराशी असूनसुद्धा, तिच्याकडे बघून बसून राहिली.

मधले लोक गेले, मग त्यांच्या लगतचे. अण्णांच्या शर्टाची पाठ घामानं चिकटली होती, पण माईकवर ते काही उमटत नव्हतं. दोन-तीनदा वरून प्लास्टरचे तुकडे खालच्या रिकाम्या खुर्च्यांवर पडले. त्यांनी प्रत्येक वेळी नेमका त्याच क्षणी काहीतरी विनोद केला.

"आता कडेचे," शेवटी ते म्हणाले. "ज्यांनी सगळ्यांना वाट दिली, ती आपली माणसं. या."

इरकली लुगडं उठलं. शिवबाईंचे गुडघे धड नव्हते. त्या एकेक पायरी बघत, सुनेच्या आधारानं, दाराकडे चालल्या. अण्णांना वाटलं की आपण तोंडानं काहीतरी बोलतोय पण काय ते आपल्याला ऐकूच येत नाहीये. मग दारातून म्हातारी दिसेनाशी झाली. तिच्या मागून वैजयंतीनं आत डोकावून सगळ्या रांगा एकदा न्याहाळल्या आणि हात वर केला.

अण्णांनी माईक खाली ठेवला आणि मागच्या दारानं बाहेर पडले.

पंगत बसली होती, वाढप सुरू झालं होतं, तेव्हा सभागृहातून आवाज आला. आधी काहीतरी मोडल्यासारखा, मग जमीन हादरवणारा. खिडक्यांतून धुळीचे लोट बाहेर पडले. माणसं जागेवरून उठू लागली. महिपतीनं मैदानातला छोटा माईक चालू करून अण्णांकडे दिला.

"बसा," अण्णा म्हणाले. "बाल्कनी पडली. आत कुणी न्हाय, आपण सगळी बाहेर हाय. आपापली माणसं शेजारी हायत का तेवढं बघा, आणि जेवा."

माईकवर ते कधी गावाकडचं बोलत नसत. त्या दिवशी बोलले, आणि ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. बाया शेजारच्या पोरींना चाचपू लागल्या, शिक्षक मुलींची हजेरी घेऊ लागले. सगळ्या होत्या. एकाही माणसाला खरचटलं नव्हतं.

अण्णा आईसमोर जाऊन बसले. शिवबाई पानावरून त्यांच्याकडं वळल्या.

"तुला आदीच ठाव हुतं?"

"व्हय, अव्वा."

"मग आमाला शेवटी का सोडलंस?"

"तुमी भिंतीपाशी हुता. मधल्यांना जास्त धोका हुता."

 म्हातारीनं आपल्या पानातली हुग्गी त्यांच्या पुढ्यात सरकवली. "खा. सकाळपास्नं बोलतोयस." मग शेजारच्या अनोळखी बाईकडं वळून म्हणाली, "माझा मुलगा. माईकवर बोलतोय त्यो." ती बाई म्हणाली, ठाव हाय की. तरी शिवबाईंनी तिला सगळं पुन्हा सांगितलं, आणि मग पलीकडच्या बाईलाही.

पुढं चौकशी बसली. अभियांत्रिकीच्या जाणकारांनी तुळईचे तुकडे तपासले, नकाशे मागवले. वैजयंतीनं सांगितलं होतं तेच निघालं. खांब काढताना तुळईचा हिशोब नव्यानं केलाच नव्हता. जुनाच आकडा नव्या नकाशावर चढवला होता. शिवाय उरलेल्या दोन खांबांवर आलेला वाढीव भारही कुणी धरला नव्हता, त्यामुळं सभागृहाचा तो अख्खा भागच भरवशाचा राहिला नाही. सल्लागार कंपनीवर कारवाई झाली. इमारत पाडायचा निर्णय झाला. गावोगावची माणसं हळहळली. अण्णाही हळहळले, कारण त्या भिंतींवरून परत येणारा आवाज त्यांना फार आवडायचा.

सत्कारांचा तर पूर आला. अण्णांनी प्रत्येक ठिकाणी एकच अट घातली, वैजयंती मॅडम शेजारच्या खुर्चीत पाहिजेत. पहिल्या सत्काराला सूत्रसंचालन करणाऱ्या तरुणानं "प्राणाची बाजी लावणारे" वगैरे सुरू केलं, तेव्हा अण्णा अस्वस्थ होऊन खुर्चीत हलले. उत्तराला उठल्यावर ते थोडकंच बोलले.

"काय होणार ते मॅडमना कळलं. मला फक्त बोलता येतं, मी बोललो. आणि माझं ऐकून दाराशी बसलेली माणसं बसून राहिली, ते मात्र माझ्याच्यानं झालं नसतं. ती बसली नसती तर जिना तुंबला असता. त्यांत माझी बायको होती. तिचाही हार इथंच द्या."

श्रीदेवी तिसऱ्या रांगेत होती. ती उठून रंगमंचावर आली आणि हार गळ्यात न घालता हातात घेऊन उभी राहिली. तिला इतकं ताठ उभं राहिलेलं अण्णांनी लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं.

मुंबईच्या पाहुण्यांचा पुढं फोन आला. माईक ओढून घेणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला होता, असं ते म्हणाले. अण्णांनी राहिलेलं भाषण ऐकायला केव्हाही या म्हणून आमंत्रण दिलं. पाहुणे खरंच आले. मोकळ्या मैदानात, महिपतीच्या मांडवात, त्यांनी ते भाषण पूर्ण केलं. ते बरंच लांबलं. अण्णा शेजारी हसतमुख उभे होते.

गेल्या वर्षी नव्या सभागृहाचा आराखडा लोकांसमोर ठेवला गेला. आधी चाचणी, मग उद्घाटन, हे या खेपेला लेखी ठरलं होतं आणि कामावर देखरेख वैजयंतीची होती. ती नकाशा भिंतीवर लावून समजावत होती. तिचं बोलणं अण्णा सोप्या मराठीत आणि मग कन्नडात सांगत होते. तुळई म्हणजे काय, भार कुठून कुठं उतरतो, खांब किती. आता त्यांना हे सगळं कळत होतं, निदान दुसऱ्याला सांगण्यापुरतं.

एक गृहस्थ उठले. "ह्यात बाल्कनीखाली मधोमध खांब दिसतोय. त्याच्या मागं बसणाऱ्याला रंगमंच कसा दिसायचा?"

वैजयंती उत्तर देणार होती, पण अण्णांनी तिच्याकडं बघून मान हलवली आणि स्वतः म्हणाले, "दिसणार न्हाय. पण ऐकू येईल, ते माझ्याकडं लागलं."

लोक हसले. ते गृहस्थही हसत खाली बसले आणि आराखडा तिथल्या तिथं मंजूर झाला. वैजयंतीनं नकाशा गुंडाळला. अण्णांना संध्याकाळी अक्कलकोट रस्त्यावर एका लग्नाला पोचायचं होतं, महिपतीची गाडी बाहेर चालू उभी होती, आणि पुढच्या सीटवर शिवबाई आधीच जाऊन बसल्या होत्या. अलीकडं मुलाचा कुठलाही कार्यक्रम त्या सोडत नसत.